पोप लिओ दहावा: उधळ्या की हिशेबी?

उंबरठा

शाळेच्या इतिहासात दहावा लिओ दोन ओळींत संपतो. रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी पापमुक्तीची पत्रं विकली, मार्टिन ल्यूथर खवळला, चर्च फुटलं. कुणी थोडं जास्त वाचलेलं असेल तर त्यात हत्ती, शिकार, विदूषक आणि मेजवान्या येतात, आणि 'देवानं पोपपद दिलंय, तर उपभोगून घेऊ' हे वाक्य त्याच्या तोंडी घातलं जातं. तो असं म्हणाला याला भक्कम पुरावा नाही. पण वाक्य इतकं चपखल आहे की ते चिकटलं ते चिकटलंच.

आधी थोडक्यात ओळख. मूळ नाव जोव्हानी दे मेदिची. फ्लॉरेन्सच्या थोर लोरेंझोचा दुसरा मुलगा, जन्म ११ डिसेंबर १४७५. बापानं शब्द टाकला आणि पोरगं तेराव्या वर्षी कार्डिनल, म्हणजे पोप निवडणाऱ्यांपैकी एक, झालं. १४९४ मध्ये फ्लॉरेन्सनं मेदिचींना हाकललं, त्यानंतर अठरा वर्षं घराणं परागंदा. एप्रिल १५१२ मध्ये राव्हेन्नाच्या लढाईत हा फ्रेंचांच्या हाती सापडला, नंतर शिताफीनं निसटला. त्याच सप्टेंबरात मेदिची फ्लॉरेन्सला परतले आणि पुढच्या मार्चमध्ये हा पोप. वय ३७! निवड झाली तेव्हा तो साधा धर्मगुरूही नव्हता. आठवडाभरात त्याला आधी पाद्री, मग बिशप केलं आणि मग मुकुट चढवला. १ डिसेंबर १५२१ ला मेला, म्हणजे जेमतेम पावणेनऊ वर्षांची कारकीर्द.

माझं म्हणणं असं की लिओनं चर्चची तिजोरी मौजमजेत बुडवली ही समजूत वरवरची आहे. माणूस पक्का हिशेबी होता. पण तो हिशेब मांडायचा मेदिची घराण्याचा, चर्चचा नव्हे. मंडळींना काय वाटतं?

करवंद

चटई टाकून बसलेय. हिशेब सावकाश होऊ दे, आधी तो हत्ती!

मांडवीकाठ

हत्तीचं मी सांगतो, कारण त्यात आमच्या गोव्याचाही थोडा वाटा आहे.

पोर्तुगालचा राजा मानुएल याला आशियातल्या मुलखावर पोपची मोहोर हवी होती. त्याच्या अल्बुकर्क या सरदारानं १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का. आता कागद पक्का करायचा होता. म्हणून मार्च १५१४ मध्ये त्रिस्तांव द कुन्या याच्या हाताखाली एक थाटाचं शिष्टमंडळ रोमला गेलं. मसाले, जडजवाहीर, जरीची वस्त्रं, पोपट, चित्ते, इराणी घोडा, आणि या सगळ्याच्या केंद्रस्थानी एक फिकट रंगाचा भारतीय हत्ती, वय सुमारे चार वर्षं. तो कोचीनच्या राजानं भेट दिला की अल्बुकर्कनं विकत घेतला, याबद्दल दोन मतं आहेत. रोमकरांनी त्याचं नाव ठेवलं हान्नो.

मिरवणूक सांत आंजेलो किल्ल्यापाशी आली. वर सज्जात पोप. हत्तीनं माहुताच्या इशाऱ्यावर तीनदा गुडघे टेकले, मग सोंडेत पाणी भरून वरच्या कार्डिनल लोकांवर उडवलं, आणि खाली जमलेल्या गर्दीलाही सोडलं नाही. लिओ लहान मुलासारखा खूष झाला म्हणतात. हान्नोसाठी व्हॅटिकनजवळ खास घर बांधलं.

आणि मानुएलला काय मिळालं? त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पोपचा फतवा निघाला: पूर्वेकडे जहाज हाकत जिथं जिथं पोचाल तो मुलूख पोर्तुगालचा. एक हत्ती आणि थोडे मसाले देऊन अर्धं जग! घाट्यात कोण गेलं ते तुम्हीच ठरवा. ज्यांचा तो मुलूख होता त्यांना कुणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

सुपारीफोड्या

म्हणजे धाग्याचा पहिला हिशेब पोपनं नाही, मानुएलनं जिंकला.

खडीसाखर

हत्तीचं पुढे काय झालं? मला शेवट माहीत करून घ्यायचाय आणि नाहीही.

मांडवीकाठ

@खडीसाखर, शेवट वाईट. जून १५१६ मध्ये आजारी पडला. वैद्यांनी जुलाब दिला आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यात सोनं घातलं. ८ जूनला गेला, वय सहा-सात वर्षं. लिओनं चित्रकार रफाएलकडून त्याचं पुऱ्या मापाचं चित्र भिंतीवर काढून घेतलं. ते आता उरलेलं नाही. बेल्व्हेडेरेच्या चौकात त्याला पुरलं होतं. १९६२ साली तिथं खोदकाम करताना हाडं आणि दातांचे तुकडे निघाले तेव्हा हे प्रकरण पुन्हा वर आलं.

हान्नो मेल्यावर रोममध्ये 'हत्तीचं मृत्युपत्र' नावाचं एक चोपडं फिरलं. त्यात हत्ती आपला एकेक अवयव एकेका कार्डिनलला देऊन टाकतो, ज्याचा जो गुण त्याप्रमाणे. तरुण लेखक अरेतीनोनं ते लिहिलं असं मानतात.

गेंड्याची गोष्ट तर याहून करुण. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे अल्बुकर्कनं दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानानं परवानगी नाकारली आणि वर गेंडा भेट पाठवला. तो गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढला, मे महिन्यात लिस्बनला उतरला. मानुएलनं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. मग गेंडाही पोपला भेट म्हणून रवाना झाला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि साखळदंडात जखडलेला गेंडा बुडाला. ड्यूररचं ते चिलखत घातल्यासारखं दिसणारं प्रसिद्ध गेंड्याचं चित्र याच प्राण्याचं. ड्यूररनं गेंडा कधी पाहिला नव्हता, कुणीतरी पाठवलेल्या रेखाटनावरून काढलं. म्हणून पाठीवर एक जास्तीचं शिंग आहे.

करवंद

गोव्याहून निघालेला गेंडा पोपपर्यंत पोचला नाही पण सगळ्या युरोपच्या भिंतींवर पोचला. धन्यवाद काका, पैसे वसूल.

पोटमाळा

हत्ती-गेंड्यांच्या नादात मूळ मुद्दा हरवू नका. धागाकर्त्यांचं विधान मला साफ अमान्य आहे.

लिओ पोप झाला तेव्हा आधीच्या पोपनं, ज्युलियस दुसऱ्यानं, तिजोरी भरून ठेवली होती. ज्युलियस स्वतः तलवार घेऊन लढायला जायचा, पण पैशाला चिकट. लिओनं सुरुवातच अशी केली: ११ एप्रिल १५१३, राव्हेन्नाच्या कैदेला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, रोमभर शाही मिरवणूक. ज्या पांढऱ्या तुर्की घोड्यावर बसून राव्हेन्नाला गेला होता त्याच घोड्यावर. खर्च एक लाख डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, सांगतात. पुढे दोन वर्षांत तिजोरी रिकामी. मग पदं विकायला काढली, नवी पदं निर्माण करून विकली, बँकवाल्यांकडून जबर व्याजानं उचल घेतली. रोममध्ये तेव्हा म्हणायचे की लिओनं तीन पोपांचे पैसे खाल्ले: आधीच्याचे, स्वतःचे आणि पुढच्याचे.

शिकारीला जाताना उंच बूट घालून निघायचा. त्याच्या विधिप्रमुखानं, पारिस दे ग्रास्सीनं, रोजनिशीत वैतागून लिहून ठेवलंय की असे बूट घातल्यावर लोकांनी पोपच्या पायांचं चुंबन घ्यायचं कसं! याला हिशेबी म्हणायचं तर उधळा कुणाला म्हणायचं?

सुपारीफोड्या

बुटांचा मुद्दा बिनतोड आहे.

उंबरठा

पोटमाळा, तुमचे आकडे मान्य. आता त्यांच्या शेजारी माझे ठेवा.

मिरवणूक एक लाख. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलसाठी रफाएलच्या चित्रांवरून ब्रसेल्सला विणून घेतलेले भिंतीवरचे पडदे, दहा मिळून निदान पंधरा हजार डुकाट. मायकेलअँजेलोला छताचे तीन हजार मिळाले होते, त्यावरून भाव लक्षात येईल. या दोन्हींना उधळपट्टी म्हणा, माझी हरकत नाही.

पण उर्बिनोचं युद्ध? आठ लाख! १५१६ मध्ये लिओनं उर्बिनोच्या ड्यूकला पदावरून काढलं आणि ती गादी आपल्या पुतण्याला, लोरेंझोला दिली. मेदिची वणवण फिरत असताना त्याच उर्बिनोच्या दरबारानं त्यांना आसरा दिला होता. १५१७ मध्ये जुना ड्यूक भाडोत्री सैन्य घेऊन परत आला आणि आठ महिने युद्ध चाललं. हत्तीच्या घरापायी चर्च कर्जात गेलं नाही. पुतण्याला ड्यूक करण्यापायी गेलं. आणि हे युद्ध कोणत्या वर्षी चाललं होतं ते पाहा: १५१७. त्याच वर्षी जर्मनीत पत्रविक्रीची पेटी फिरत होती.

जुनी_वही

पत्रविक्रीचा विषय निघालाच आहे तर त्याची यंत्रणा सांगते, कारण 'पापं धुवायला पैसे' एवढंच सगळे म्हणतात.

चर्चच्या मते कबुली दिली की पापाचा दोष जातो, पण शिक्षा उरते. ती इथं भोगायची नाही तर मेल्यावर शुद्धिस्थानात. ती शिक्षा कमी करण्याचा अधिकार पोपला, आणि त्याचं लेखी पत्र मिळायचं. ही प्रथा लिओच्या आधीपासूनची. सेंट पीटरची पायाभरणीही ज्युलियसनं १८ एप्रिल १५०६ ला केली, तेव्हापासूनच पैसा जमवणं चालू होतं.

लिओच्या वेळचा सौदा मात्र बेरकी होता. ब्रांडेनबर्गचा आल्ब्रेख्त, वय चोविसाच्या आसपास, आधीच माग्डेबुर्गचा आर्चबिशप. त्याला माइन्झचं आर्चबिशपपदही हवं होतं, कारण त्याबरोबर सम्राट निवडण्याचं मत मिळतं. एका माणसाला दोन आर्चबिशपपदं नियमात बसत नाहीत. पैसे भरले की बसतात. रोमनं नेहमीच्या शुल्कावर आणखी दहा हजार डुकाट सवलतीचे लावले. आल्ब्रेख्तनं फुगर सावकारांकडून एकोणतीस हजार गुल्डन उचलले. ते फेडायचे कसे? तर मार्च १५१५ मध्ये लिओनं त्याच्या मुलखात आठ वर्षं पत्रविक्रीची परवानगी दिली. अर्धे पैसे सेंट पीटरला, अर्धे फुगरच्या कर्जाला. विक्रीला टेट्झेल हा डोमिनिकन साधू फिरायचा आणि त्याच्या पेटीवर लक्ष ठेवायला फुगरचा माणूस बरोबर.

दरपत्रक होतं. राजे आणि बिशप यांना पंचवीस सोन्याचे गुल्डन, मग उतरत्या भाजणीनं कमी. गरिबानं प्रार्थना आणि उपास केले तरी चालत होतं. भाविकाला यातलं फुगरचं प्रकरण ठाऊक नव्हतं. ल्यूथरलाही पत्रविक्रीविरुद्धचे आपले प्रबंध लिहिताना ते माहीत नव्हतं. आणि त्यानं ते ३१ ऑक्टोबर १५१७ ला पत्रासोबत पाठवले कुणाला? आल्ब्रेख्तलाच!

खडीसाखर

म्हणजे तक्रार थेट ज्यानं कर्ज काढलं त्याच्याचकडे. बाप रे.

सुपारीफोड्या

दरपत्रक छापून वर गरिबांना मोफत. लग्नाच्या हॉलवालेसुद्धा इतके दयाळू नसतात.

निळा_पक्षी

इतकं रसाळ वर्णन चाललंय, पण याच लोकांच्या फतव्यांनी गोव्यात इन्क्विझिशन आणलं, देवळं पाडली, लोकांचे हाल केले. हत्तीच्या गमतीजमती सांगताना ते विसरू नये.

मांडवीकाठ

@निळा_पक्षी, विसरत नाही. माझ्या गावच्या देवाची मूर्ती त्याच काळात नदीपार हलवलेली आहे. पण काळाची गल्लत नको. इन्क्विझिशन गोव्यात आलं १५६० मध्ये, लिओ मेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. लिओचा थेट संबंध कुठे येतो ते सांगतो. १२ जून १५१४ ला त्यानं मदेइरा बेटावर फुंशाल हा धर्मप्रांत स्थापला आणि पोर्तुगीजांच्या ताब्यातला सगळा समुद्रापलीकडचा मुलूख त्याला जोडला. म्हणजे गोव्यातलं चर्च वीस वर्षं अटलांटिकातल्या एका बेटावरच्या बिशपच्या हाताखाली! गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला १५३४ मध्ये, पोप पॉल तिसऱ्याच्या वेळी. पुढचं सगळं ज्या पायावर उभं राहिलं, म्हणजे पूर्वेकडचं चर्च पोर्तुगालच्या राजानं चालवायचं ही व्यवस्था, तिच्यावर लिओची सही आहे. तेवढा दोष त्याच्या खात्यावर नक्की मांडा.

अवांतर: जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेविअरची चांदीची पेटी सगळे बघतात. तिच्या खालचा रंगीत संगमरवराचा उंच चौथरा बघा कधी. तो मेदिचींनी पाठवलेला आहे. टस्कनीचा ड्यूक कोझिमो तिसरा यानं फ्लॉरेन्सला फोज्जिनी या शिल्पकाराकडून घडवून घेतला आणि १६९८ मध्ये तो इथं बसवला. ड्यूकला बदल्यात संताच्या डोक्याखालची उशी मिळाली. हा कोझिमो लिओच्या सख्ख्या बहिणीच्या वंशातला. घराणं शेवटी मांडवीकाठी पोचलंच.

निळा_पक्षी

पटलं. चौथऱ्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

ताकभात

फ्लॉरेन्सला राहते म्हणून दोन गोष्टी.

उफिझीमध्ये रफाएलनं काढलेलं लिओचं चित्र आहे, १५१८ च्या सुमाराचं. मागे दोन कार्डिनल, दोघेही नात्यातले: ज्युलिओ दे मेदिची आणि लुइजी दे रोस्सी. पोपचा चेहरा मांसल, गाल ओघळलेले, डोळे अधू. पण हात बघा. गोरे, नाजूक, अगदी जपलेले. डाव्या हातात भिंग आहे, समोर चित्रांनी सजवलेलं हस्तलिखित बायबल उघडं, शेजारी नक्षीची घंटा. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर एक चकचकीत पितळी गोळा आहे, त्यात खोलीची खिडकी उमटलेली दिसते. मी त्या गोळ्यासमोर बराच वेळ उभी राहते दर वेळी. हा माणूस धर्माधिकारी कमी आणि संग्राहक जास्त वाटतो. पुस्तक वाचत नाहीये, पारखतोय.

दुसरी गोष्ट सान लोरेंझो चर्च, मेदिचींचं घरचं. लिओनं त्याची दर्शनी भिंत बांधायचं काम मायकेलअँजेलोला दिलं. तो तीन वर्षं डोंगरात संगमरवराच्या खाणी उघडत, रस्ते पाडत बसला आणि १५२० मध्ये करारच रद्द झाला. मायकेलअँजेलो भयंकर दुखावला. ती भिंत आजही ओबडधोबड, उघड्या दगडाची आहे. जवळच्या गल्ल्यांत बाजार भरतो, पर्यटक चामड्याच्या पिशव्या घेतात आणि कुणाला वाटतं काम अजून चालू आहे.

डोंगरवाट

सुंदर प्रतिसाद ताकभातताई.

मला ल्यूथरबद्दल बोलायचंय. लिओनं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, 'भिक्षूंचं भांडण' म्हणून सोडून दिलं, असं सर्रास लिहितात. घटनाक्रम वेगळंच सांगतो. १५१८ मध्येच ल्यूथरला रोमला हजर राहायचा हुकूम निघाला होता. ऑक्टोबरात ऑग्सबुर्गला कार्डिनल काजेतान त्याच्याशी बोलला, निष्पन्न शून्य. पुढे खटला रेंगाळला तो आळसानं नव्हे. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट माक्सिमिलियन मेला. स्पेनचा चार्ल्स सम्राट झाला असता तर उत्तरेला तो, दक्षिणेला नेपल्समध्येही तोच, आणि मधे पोप आणि फ्लॉरेन्स चिमट्यात. लिओला ते नको होतं. पर्याय कोण? सॅक्सनीचा फ्रेडरिक. आणि फ्रेडरिक कोण? ल्यूथरचा पाठीराखा! मग त्याला दुखवायचं कसं? उलट त्याला मानाचा सोनेरी गुलाब पाठवला गेला.

जून १५१९ मध्ये चार्ल्सच निवडून आला. मग १५ जून १५२० ला ल्यूथरची ४१ विधानं धिक्कारणारा फतवा निघाला, डिसेंबरात ल्यूथरनं विटेनबर्गला तो जाळला, जानेवारी १५२१ मध्ये बहिष्कार. मधल्या दीड-दोन वर्षांत छापखाने रात्रंदिवस चालू होते. उंबरठा यांचं म्हणणं इथं लागू पडतं: डोळ्यासमोर इटलीचा पट होता, जर्मनीतल्या चर्चचा नव्हता.

गंमत म्हणजे फ्रेडरिकच्या स्वतःच्या संग्रहात संतांचे एकोणीस हजारांवर अवशेष होते. त्यांचं दर्शन घेतलं की शिक्षेत सूट. टेट्झेलला त्यानं आपल्या मुलखात येऊ दिलं नाही याचं कारण भक्ती की धंद्यातली स्पर्धा, देव जाणे.

खडीसाखर

काजेतान म्हणजे जुन्या गोव्यात ज्याच्या नावाचं चर्च आहे तोच का?

मांडवीकाठ

नाही. ऑग्सबुर्गचा तो कार्डिनल तोमासो दे व्हियो. गोव्यातलं चर्च थिएटाइन पंथाचा संस्थापक संत काजेतान याच्या नावाचं. हा पंथ १५२४ मध्ये निघाला, चर्च आतून सुधारायला. ते गोव्यातलं चर्च मात्र रोमच्या सेंट पीटरवर बेतलेलं आहे, घुमटासकट. म्हणजे ज्या इमारतीसाठी एवढं रामायण झालं तिची छोटी आवृत्ती बघायला रोमला जायची गरज नाही, पणजीहून बस मिळते.

जुनी_वही

कुणी विषप्रयोगाचं सांगत नाहीये का? १५१७, पुन्हा तेच वर्ष. सिएनाचा तरुण कार्डिनल पेत्रुच्ची. लिओनं त्याच्या भावाला सिएनाच्या सत्तेवरून हटवलं होतं, त्याचा राग. लिओला भगंदराचा जुना त्रास होता, पोपच्या निवडणुकीलाही तो पालखीत आला होता आणि आत शस्त्रवैद्य बोलवावा लागला होता. तर कट असा की नव्या वैद्यानं मलमपट्टीतून विष द्यायचं. पत्र पकडलं गेलं. पेत्रुच्चीला अभयपत्र देऊन रोमला बोलावलं आणि येताच सांत आंजेलोत डांबलं. तिथंच गळा आवळून मारलं. बाकीच्या कार्डिनलांना दंड. म्हाताऱ्या रियारिओला दीड लाख डुकाट आणि वर त्याचा भलामोठा वाडा गेला.

आणि मग १ जुलैला लिओनं एका फटक्यात एकतीस नवे कार्डिनल केले. त्यातल्या अनेकांनी भरपूर पैसे मोजले. कट खरा होता की फुगवला, यावर अजून वाद आहे. दंड मात्र खरे वसूल झाले.

करवंद

जिवावर बेतलं त्यातूनही नफा. मी आता उंबरठा यांच्या पक्षात.

सुपारीफोड्या

मी बुटांच्या पक्षात.

डोंगरवाट

दुसरी बाजूही नोंदवू. व्हेनिसला बोम्बर्ग या छापखानेवाल्यानं ज्यूंचा धर्मग्रंथ तालमूद पहिल्यांदा संपूर्ण छापला ते लिओच्या परवानगीनं. गरिबांना माफक व्याजानं कर्ज देणाऱ्या तारण पेढ्यांना १५१५ मध्ये त्याच्याच परिषदेनं मान्यता दिली. (त्याच दिवशी, ४ मेला, छापण्याआधी पुस्तक तपासून घ्यायचा हुकूमही निघाला, ही झाली तिसरी बाजू.) कोंगोच्या राजाचा मुलगा एंरिके याला त्यानं १५१८ मध्ये बिशप केलं. समुद्रचाच्यांनी पकडून आणलेला अल हसन अल वज्जान हा ग्रानादाचा विद्वान प्रवासी रोमच्या तुरुंगात होता, त्याला लिओनं बाप्तिस्मा देऊन स्वतःचं नाव दिलं. त्यानं लिहिलेलं आफ्रिकेचं वर्णन पुढे युरोप कितीतरी वर्षं वाचत होता. कैद्याला बाप्तिस्मा नाकारायची मुभा किती असते हा प्रश्न आहेच. आणि मॅकिआव्हेली छळ सोसून तुरुंगात पडला होता तो लिओच्या निवडीच्या आनंदात सुटला. डांबलं होतं मेदिचींनीच, हेही खरं.

पोटमाळा

सगळं वाचलं. उंबरठा, तुमचा युक्तिवाद मोहक आहे, तरी मी मूळ प्रश्नाकडे परत येतो. हिशेबी माणसाचा शेवट असा होतो का? नोव्हेंबर १५२१ मध्ये मिलान फ्रेंचांच्या हातून गेल्याची बातमी आली, लिओ माल्याना इथल्या शिकारीच्या वाड्यात होता, थंडीत जल्लोष बघत बसला, ताप भरला आणि आठवड्यात संपला. अंत्यसंस्कार यथातथाच. उसने देणारे बँकवाले बुडाले. रफाएलचे ते पडदे गहाण पडले. आणि पुतण्या, ज्याच्यासाठी आठ लाख ओतले? तो १५१९ मध्येच मेला. उर्बिनो लिओच्या मागोमाग जुन्या ड्यूककडे परत गेलं. घराण्याच्या वहीतही शिल्लक शून्य!

उंबरठा

शून्य नाही हो, वही बंद व्हायला थोडा वेळ लागला.

पुतण्या ४ मे १५१९ ला मेला. त्याच्या तीन आठवडे आधी त्याला मुलगी झाली होती. तिचं नाव कातेरीना. ती पुढे फ्रान्सची राणी आणि तीन राजांची आई झाली. पुतण्याचं लग्नच मुळी लिओनं फ्रेंच राजाशी बोलणी करून जुळवलं होतं. आणि चित्रात खुर्चीमागे उभा असलेला चुलतभाऊ ज्युलिओ? तो अनौरस होता, कार्डिनल होऊ शकत नव्हता. लिओनं १५१३ मध्ये त्याच्या आईबापांचं गुपचूप लग्न झालं होतं असं ठरवून टाकलं आणि त्याला कार्डिनल केलं. १५२३ मध्ये तोच पोप झाला, क्लेमेंट सातवा. त्यानं १५३२ पर्यंत फ्लॉरेन्सचं गणराज्य मोडून तिथं मेदिची ड्यूक बसवला. त्या घराण्यानं टस्कनीवर १७३७ पर्यंत राज्य केलं. गोव्यातला चौथरा त्याच राज्याच्या पैशांतून आलाय.

बिल रोमनं भरलं. १५२७ मध्ये चार्ल्सच्या पगार न मिळालेल्या सैन्यानं शहर लुटलं, त्यात ल्यूथरचे अनुयायी भरपूर. क्लेमेंट सांत आंजेलोत लपून बसला आणि सिस्टिनचे पडदेही लुटीत गेले.

पोटमाळा

लग्न, गुपचूप लग्न आणि ड्यूक. ठीक आहे, घराण्यापुरतं मान्य. पण क्लेमेंट निवडून येणं लिओच्या हिशेबात कसं धरता? मधे एड्रियन सहावा होताच की, डच, काटकसरी, मेदिचींचा कुणी नव्हे. तो पावणेदोन वर्षांत वारला नसता तर तुमची वही तिथंच मिटली असती. याला हिशेब नाही म्हणत, नशीब म्हणतात.

उंबरठा

लिओनं एकतीस कार्डिनल उगाच केले नव्हते. १५२३ ला मतं कुणी दिली ती यादी काढून बघा.

पोटमाळा

यादी बघतो. एड्रियनला निवडणाऱ्यांतही त्या एकतीसांतले बरेच होते हे तुम्हीही बघा.

करवंद

एड्रियनवर वेगळा धागा काढा कुणीतरी. हत्ती नसला तरी चालेल.